तर्री शिकायची तर आच हवी: नागपुरातील एका पाककला कार्यशाळेविषयी

वर्धा रोडवरील एका मोठ्या हॉटेलात हिवाळ्यातल्या एका रविवारी झालेल्या वऱ्हाडी आणि सावजी स्वयंपाकाच्या कार्यशाळेविषयी हे लिहीत आहे. शिकवायला दूरचित्रवाणीमुळे घरोघरी ओळखीच्या झालेल्या एक शेफबाई होत्या, शुल्क माणशी साडेतीन हजार रुपये होते, आणि ‘बघायचे नाही, करायचे’ असे जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेले होते. नामवंत शेफ मंचावर स्वयंपाक करतात, समोर बसलेले लोक मोबाइल उंच धरून चित्रीकरण करतात आणि शेवटी चमचाभर चव घेऊन घरी जातात, अशा कार्यक्रमांना मी पूर्वी जाऊन आले असल्याने या वाक्याची मला उत्सुकता होती. जाहिरातीतले ते आश्वासन बहुतांशी पाळले गेले, हे आधीच सांगते. मात्र ज्या स्वयंपाकाचा सगळा जीव आचेत आहे, तो शिकवताना नेमकी आचेचीच आबाळ झाली. या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या वाटतात, म्हणून सविस्तर लिहिते. शेफबाईंचे, हॉटेलचे आणि आयोजकांचे नाव मात्र देत नाही, कारण दोष दाखवायचे आहेत ते व्यवस्थेचे आणि असे दोष पुष्कळ ठिकाणी असतात.

सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात पाटोडी रस्सा, गोळाभात, कढी, लांब पोळी आणि सावजी मटण असे पदार्थ ठेवले होते. यादी विचारपूर्वक केलेली होती. वऱ्हाडी म्हटले की नुसते तिखटजाळ मटण पुढे करण्याची पद्धत पडली आहे, तिला बगल देऊन घराघरांतले गोळाभातासारखे साधे आणि तरीही जमवायला कठीण असलेले जेवण त्यांनी घेतले, हे मला आवडले. सुरुवातीला शेफबाईंनी सावजी जेवणाची ओळख करून दिली ती थोडक्यात, पण नेटकी होती. हे जेवण नागपुरातल्या हलबा कोष्टी समाजाचे, म्हणजे मागावर बसून पातळे विणणाऱ्या माणसांचे. इतवारी, महाल, गोळीबार चौक या जुन्या वस्त्यांतल्या घरांतून ते भोजनालयांत आले आणि तिथून शहराची ओळख बनले. त्यात जवसाचे तेल वापरत, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. एवढे सांगून झाल्यावर समोर ठेवलेले तेल मात्र पिशवीतले रिफाइंड सोयाबीन होते. जवसाचे तेल आजही घाण्यावर मिळते, त्याची एक बाटली आणणे आयोजकांना अवघड नव्हते, आणि निदान वास घेण्यापुरते तरी ते तिथे असायला हवे होते.

दिवसाचा सर्वांत उत्तम भाग मसाल्याचा होता. साधारणपणे अशा वर्गांत मसाला तयार करून वाटीत दिलेला असतो. इथे प्रत्येक जोडीसमोर धने, शहाजिरे, मिरे, लवंग, दालचिनी, मसाला वेलची, तमालपत्र, जायपत्री, बाद्यान, नागकेसर, दगडफूल, खसखस आणि सुक्या खोबऱ्याचा तुकडा असे सगळे सुटे ठेवलेले होते, आणि पहिला जवळजवळ तास नुसता भाजण्यात गेला. शेफबाईंनी एकही माप सांगितले नाही. आधी कच्चा वास घ्यायला लावला, मग भाजल्यावरचा घ्यायला लावला आणि दोन्हींतला फरक एकेकाला विचारला. दगडफूल कच्चे असताना जवळजवळ वासहीन, किंचित मातकट असते. थेंबभर तेलात परतल्याबरोबर त्याला तो धुरकट, खोल दरवळ येतो ज्याच्यावाचून सावजी रस्सा ओळखूच येत नाही. हे मी वर्षानुवर्षे तयार मसाला आणत असल्याने कधी स्वतःच्या नाकाने अनुभवले नव्हते. खसखस सर्वांत शेवटी, आच बंद करून नुसत्या तापलेल्या भांड्यात फिरवायची, कारण ती इतकी बारीक असते की रंग बदललेला दिसेपर्यंत जळून कडू झालेली असते. धने मात्र आधी, वेगळे आणि मंद आचेवर भाजायचे. ते तडतडायला लागल्यावर उतरवायचे. आमच्या शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ खोबरे भराभर हलवून उरकण्याच्या बेतात होते, तेव्हा त्यांच्या खांद्याशी उभे राहून बाई अस्सल नागपुरी बोलीत म्हणाल्या, ‘‘काऊन घाई करून राहिले, काका? खोबऱ्याचा रंग पाहा, घड्याळ नका पाहू.’’ बाईंचे माहेर विदर्भातले असल्याचे त्यांनी सांगितले होतेच, पण दूरचित्रवाणीवर ऐकू येणारी त्यांची घोटीव भाषा बाजूला पडून ही बोली आली, तेव्हा सगळ्या खोलीतला अवघडलेपणा गेला.

भाजलेला मसाला वाटण्यासाठी मिक्सर होतेच, पण एका कोपऱ्यात एक पाटा-वरवंटाही ठेवला होता आणि प्रत्येकाने तिथे थोडे तरी वाटायचे असा बाईंचा आग्रह होता. मिक्सरमधला आणि पाट्यावरचा असे दोन्ही मसाले त्यांनी बशीत शेजारी शेजारी ठेवून दाखवले. पाते खोबरे आणि खसखस कापते, वरवंटा ती चिरडतो. त्यामुळे पाट्यावरच्या गोळ्याला तेल सुटून तो चकचकीत दिसत होता, तर मिक्सरमधला पाणी घातलेला असूनही कोरडा आणि रवाळ होता. बोटावर घेऊन दोन्ही चाखल्यावर समजावून सांगण्याची गरजच उरली नाही. तिखटासाठी भिवापूरची मिरची आणली होती. आपल्याच जिल्ह्यातल्या या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तरी घरोघरी आपण पुडीतले तिखट वापरतो, ही खंत त्यांनी बोलून दाखवली आणि ती मला पटली.

रश्श्यावर येणाऱ्या तर्रीबद्दल, म्हणजे लाल तेलाच्या तवंगाबद्दल, बाईंनी जे सांगितले, ते तिथल्या प्रत्येकाने लक्षपूर्वक ऐकले. मिरचीचा लाल रंग आणि तिचा तिखटपणा हे दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात नीटसे उतरत नाहीत. म्हणून तिखट पाण्यात पडण्याआधी तेलाला भेटले पाहिजे, पण धुराडलेल्या तेलात पडले तर क्षणात काळे होते. यासाठी वाटण तेलात चांगले परतून, आच कमी करून मग तिखट घालायचे आणि लगेच पाण्याचा हबका द्यायचा. वाटणाच्या कडेने तेल सुटेपर्यंत परतणे आणि रश्श्यात आधणाचे पाणीच घालणे, या दोन गोष्टी पाळल्या की वेगळे तेल ओतावे लागत नाही, तवंग आपोआप वर येतो. गार पाणी घातले की उकळी मोडते, मसाला खाली बसतो आणि मग लोक वरून लाल तेलाची फोडणी देऊन वेळ मारून नेतात. अनेक भोजनालयांत जी तर्री बोटभर जाड दिसते, ती कशी तयार होते याचे उत्तर त्या एका वाक्यात मिळाले.

आता गैरसोयीकडे येते. हॉटेलच्या सभागृहात गॅसच्या शेगड्यांना परवानगी नसल्याने आम्हाला सर्वांना इंडक्शनच्या शेगड्या दिल्या होत्या, त्याही दोघांत एक. सुरक्षिततेचा नियम मला मान्य आहे. पण नियम हॉटेलचा असला तरी जागा आयोजकांनी निवडलेली होती, आणि सावजी स्वयंपाक शिकवायचा ठरल्यावर ही जागा निवडायलाच नको होती. इंडक्शनची शेगडी भांड्याचा सपाट तळ तेवढाच तापवते. आपल्या गोल बुडाच्या लोखंडी कढईला ती उपयोगी पडत नाही, म्हणून पातळ बुडाच्या स्टीलच्या कढया आणलेल्या होत्या. त्यात मधोमध कढईएवढे नव्हे तर तळहाताएवढे वर्तुळ भाजून निघत होते आणि कडा गारच राहत होत्या. रश्श्यासाठी कांदा सालीसकट विस्तवावर भाजायचा असतो, त्याची वरची साल कोळसा होते आणि आतला गर गोडसर, धुरकट होतो. ते इंडक्शनवर होणे शक्यच नाही. शेवटी मागच्या बाजूच्या मोकळ्या अंगणात असलेल्या एका गॅसच्या शेगडीवर सगळ्यांचे कांदे एकदम भाजून आणण्यात आले, आणि ज्यावर रश्श्याची अर्धी चव अवलंबून आहे ते काम हॉटेलच्या एका मुलाने आमच्या नजरेआड केले. शुल्क भरून शिकायला आलेल्या माणसाच्या हातून जे व्हायला हवे होते, त्यातले हे पहिले होते. बाईंनाही ते खटकलेले दिसत होते; त्यांनी दोनदा आयोजकांकडे आणखी शेगड्या बाहेर लावता येतील का, अशी विचारणा केली, पण तशी तयारीच नव्हती.

याचा सर्वांत मोठा फटका पाटोडीला बसला. पाटोडी दिसायला सोपी आहे. तेलात जिरे, लसूण, हिरवी मिरची, हिंग, हळद घालून पाण्याला आधण आणायचे, बेसन एका हाताने भुरभुरत दुसऱ्या हाताने घोटत राहायचे, झाकण ठेवून वाफ आणायची, आणि तेल लावलेल्या ताटात थापून वर खोबऱ्याचा कीस, खसखस आणि बारीक चिरलेला सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) पेरून वड्या पाडायच्या. कसोटी घोटण्यात आणि वाफेत असते. बेसन कच्चे राहिले तर वडी रश्श्यात पडल्यावर विरघळते, जास्त आटले तर ती चामड्यासारखी होते. पातळ कढईत मधला भाग करपू लागला की अनेकांनी पाणी वाढवले, आणि मग वड्या थापल्या तरी त्यांना धार येईना. बाई प्रत्येक टेबलाशी आल्या, चमच्याने एक घास काढून चाखला आणि नेमके काय चुकले ते सांगितले. एका ताईंच्या कढईत तर त्यांनी स्वतः घोटणे हातात घेऊन मनगट कसे फिरवायचे ते दाखवले. नामवंत माणसाने असा एकेकाच्या कढईत हात घालावा, ही या दिवसाची खरी कमाई होती. पण चांगल्या जाड बुडाच्या कढया आणि ज्योतीची शेगडी असती, तर हाच वेळ चुका निस्तरण्याऐवजी पुढचे बारकावे शिकण्यात गेला असता.

गोळाभाताविषयी लवकर आटोपते. हरभऱ्याची डाळ भिजवून जाडसर वाटून, तीत तिखट, मीठ, हिंग, जिरे आणि तेलाचे मोहन घालून केलेले गोळे अर्धवट शिजलेल्या भातात वाफवायचे आणि पानात कुस्करून वरून हिंग, मोहरी, लाल मिरचीची कडकडीत फोडणी घ्यायची, ही कृती माझ्या घरात नेहमीचीच आहे. इथे डाळ हॉटेलच्या स्वयंपाकघरातून आधीच वाटून आली होती आणि ती गंधासारखी बारीक झाली होती. अशा डाळीचे गोळे आत दगडासारखे होतात, हे बाईंनी पाहताक्षणी सांगितले आणि उरलेली भिजलेली डाळ मागवून ती पुन्हा भरड वाटायला लावली. त्यात बराच वेळ गेला, कढी घाईत झाली, आणि कढीसाठी आणलेले ताक आंबट नव्हते. जेवताना मात्र गोळे चांगले मऊ निघाले.

लांब पोळीसाठी आम्हाला मागच्या अंगणात नेले, आणि तिथे या कार्यशाळेचा नूरच पालटला. तीन विटांच्या चुलीवर मातीचा माठ उपडा घातला होता, खाली लाकडे पेटली होती आणि पोळ्या करण्याचे काम व्यवसाय म्हणून करणाऱ्या एक मध्यमवयीन ताई तिथे बसल्या होत्या. लोकवन गव्हाची कणीक कापडातून चाळलेली, मीठ आणि तेल घालून सैलसर भिजवलेली होती. ती त्या परातीत उचलून आपटत होत्या, पाण्याचा हात लावत होत्या आणि पुन्हा आपटत होत्या. किती वेळ आपटायचे, असे कोणी विचारले तेव्हा त्यांनी उत्तर न देता कणकेचा एक गोळा चिमटीत धरून वर ओढला. तो न तुटता वीतभर लांब आला. मग त्यांनी तो गोळा दोन्ही हातांवर घेतला, एका तळव्यावरून दुसऱ्यावर झेलत झेलत तो कोपरापर्यंत उतरू दिला आणि पलीकडचे लाकूड दिसेल इतकी पातळ झालेली ती पोळी एका झटक्यात माठावर टाकली. ती कुठेही फाटली नाही, कुठेही दुमडली नाही.

शेफबाई या वेळी बाजूला उभ्या होत्या. त्यांनी स्वतःहून सांगितले, ‘‘हे मला येत नाही. ताईंकडूनच शिका, मीही शिकून राहिले.’’ आणि त्या खरोखरच आमच्या रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येकाला एकेक गोळा मिळाला. बहुतेकांच्या पोळ्या मनगटापाशीच फाटल्या, काहींच्या माठावर अर्ध्या पडल्या, पण ताई एकालाही हसल्या नाहीत. तळवा ताठ ठेवू नका, बोटे खाली वाकवा, गोळ्याचे वजन त्यालाच ओढू द्या, असे त्या प्रत्येकाचा हात धरून सांगत होत्या. गव्हातला चिकटपणा आपटून आपटून कसा जागा होतो आणि त्यामुळेच कणीक ताणली तरी कशी धरून राहते, याचे स्पष्टीकरण शेफबाईंनी जोडीला दिले, आणि ताईंच्या हातचे कसब आणि बाईंचे शास्त्र ही जोडी फार छान जमली. अशी जागा देण्याचा मोठेपणा शेफबाईंनी दाखवला, पण आयोजकांनी दाखवला नाही. जाहिरातीत, मंचावरच्या फलकावर, वाटलेल्या कागदावर त्या ताईंचे नाव कुठेही नव्हते. निरोपाच्या वेळी शाल-श्रीफळ दिले गेले तेही फक्त पाहुण्यांना. विदर्भाचे अन्न ज्यांच्या हातांत टिकले आहे त्यांना मंचाच्या मागे बसवून त्या अन्नाचा उत्सव करणे मला योग्य वाटत नाही, आणि हे मी आयोजकांना तिथेच सांगितले.

सावजी मटण फक्त करून दाखवले गेले, हाताने करायला मिळाले नाही. त्याची कल्पना आधी दिली असती तर तक्रार नव्हती. जाहिरातीत पाचही पदार्थ ‘स्वतः करा’ या शीर्षकाखाली होते. मटण आणि शाकाहारी रस्सा यांची भांडी आणि पळ्या वेगळ्या ठेवण्याची काळजी मात्र नीट घेतली होती आणि शाकाहारी मंडळींची बसण्याची व्यवस्थाही वेगळी होती.

जेवणानंतरचा पाऊण तास छायाचित्रांत गेला. लोकांना ती हवी असतात, शेफबाईंनीही प्रत्येकाशी प्रेमाने बोलून ती काढू दिली, पण त्याच वेळेत प्रश्नोत्तरे ठेवली होती आणि ती रद्द झाली. मला बाईंना मसाला किती दिवस टिकतो, खोबरे आणि खसखस घातलेला मसाला उन्हाळ्यात खवट होऊ नये म्हणून ते वेगळे ठेवावे का, असे विचारायचे होते. ते राहून गेले. सोबत दिलेला कृतींचा कागद घाईत छापलेला होता. त्यात गोळाभाताच्या डाळीला ‘बारीक वाटून’ असे लिहिले आहे, म्हणजे वर्गात ज्याला चूक म्हटले तेच कागदावर कृती म्हणून छापले गेले आहे. ज्या कोणाकडे तो कागद असेल त्यांनी तिथे ‘भरड’ अशी दुरुस्ती करून घ्यावी. भेट म्हणून मिळालेला ॲप्रन चांगल्या सुती कापडाचा आहे आणि मसाल्याची पुडी ताजी होती.

शुल्काचा विचार केला तर भाजणे, वाटणे आणि लांब पोळी या तीन गोष्टींसाठी मी ते पुन्हा देईन. घरात सासूबाई किंवा आई पाट्यावर वाटणारी असेल, तर मसाल्याच्या भागाची तितकी नवलाई वाटणार नाही. पण तयार पुडीवर स्वयंपाक शिकलेल्या माझ्यासारख्या अनेकींना आणि हौसेने रविवारी रस्सा करणाऱ्या पुरुषांना त्या एका तासाचा वर्षभर उपयोग होईल. नाव नोंदवण्यापूर्वी मात्र दोन गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात: शेगडी ज्योतीची आहे की इंडक्शनची, आणि एका शेगडीवर किती जण आहेत.

सांबार स्वस्त आहे तोवर, त्याचेच सारण भरून तळायच्या पुडाच्या वडीची कार्यशाळा घेण्याचा विचार असल्याचे आयोजकांनी निघताना सांगितले. मी शेगडीचा प्रश्न लगेच विचारला, तेव्हा या वेळी हॉटेलऐवजी एखादे लॉन बघत असल्याचे उत्तर मिळाले. पुडाच्या वडीचे वरचे बेसनाचे आवरण कच्चे न राहता खुसखुशीत व्हायचे, तर कढईभर तेल मंद आचेवर सलग एकसारखे तापलेले लागते. तेव्हा लॉन ठरले आणि गॅसच्या शेगड्या मांडल्या गेल्या तरच मी नाव देणार आहे, आणि लांब पोळीच्या त्या ताईंना या वेळी फलकावर नावासकट बोलवावे, असेही मी आयोजकांना लेखी कळवले आहे.